स्वतःच्या गाडीने देशोदेशी: वजनकाट्यापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत

पहिल्या लांबच्या प्रवासाला निघायच्या तीन आठवडे आधी आम्ही भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवली. चेसिसवरच्या पट्टीवर कमाल वजन लिहिलं होतं 3,050 किलो. काट्यावर आकडा आला 3,390, आणि आम्ही दोघं तर खालीच उभे होतो. काटेवाल्याने पावती हातात ठेवत विचारलं, "घर बदलताय का?"

त्या रात्री ताडपत्री पसरून सगळं सामान बाहेर काढलं. कुऱ्हाडी दोन निघाल्या. फावडी दोन. एक बिडाचा तवा, अकरा पुस्तकं, गॅसची जादा टाकी आणि एक पूर्ण पानासंच, ज्यातले अर्धे पाने आमच्या गाडीच्या एकाही नटाला बसत नव्हते. प्रत्येक वस्तू उचलली की दोघांपैकी एकाच्या तोंडून यायचं, "असू दे, लागलंच तर." असं चार शब्दांचं ओझं साडेतीनशे किलोंच्या आसपास गेलं होतं.

तेव्हापासून कुणी मला "कुठली गाडी घेऊ?" असं विचारलं की मी आधी भलतेच प्रश्न विचारतो. काय काय नेणार? कागद कुणाच्या नावावर? शेजारच्या सीटवर कोण? वाळूत रुतलेली गाडी तासाभरात निघते. वजनाने स्प्रिंगचा पाटा मोडला, कागदावर एखादा शिक्का राहिला किंवा शेजारच्याशी बोलणं बंद झालं की गाडं जे अडतं ते महिनोन्महिने.

आधी ऋतू, मग रस्ता

बहुतेकांचं नियोजन गाडीपासून सुरू होतं. ते कॅलेंडरपासून व्हायला हवं. सहारा ओलांडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ताजिकिस्तान-किर्गिझस्तानचा पामीर महामार्ग जून ते सप्टेंबर. पॅटागोनिया डिसेंबर ते मार्च. मध्य आफ्रिकेतले लाल मातीचे रस्ते पावसाळ्यात चिखलाची नदी होतात. काही देशांत तर पाऊस पडला की रस्त्यावर फाटक आडवं टाकतात आणि माती वाळेपर्यंत ट्रकही सोडत नाहीत. या तारखा कागदावर मांडा, त्यांच्यामधून रेघ ओढा, म्हणजे दिशा आपोआप ठरते.

मग रेघ कुठे तुटते ते पाहा. अलास्कापासून अर्जेंटिनाच्या उशुआयापर्यंत रस्ता सलग आहे असं वाटतं, पण पनामातल्या याविझा गावाशी तो संपतो. पुढे कोलंबियापर्यंत सुमारे 100 किलोमीटर दाट जंगल आणि दलदल आहे, तोच दारिएनचा पट्टा. 1960 मध्ये एक लँड रोव्हर आणि एक जीप यातून पार झाली. पनामातल्या चेपोहून निघून कोलंबियातल्या किब्दोला पोचायला 136 दिवस लागले. सरासरी वेग निघाला ताशी 200 मीटर. आज तिथे कुणी ती हौस करत नाही. गाडी पनामाच्या कोलोन बंदरातून कंटेनरने कोलंबियातल्या कार्ताहेनाला जाते आणि माणसं विमानाने.

राजकारणानेही रस्ते तुटतात. युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे दक्षिण आशियात येणारा जुना मार्ग 1979 च्या उलथापालथीनंतर पूर्वीसारखा राहिलाच नाही. म्हणून प्रत्येक सीमेला एक पर्यायी सीमा शोधून ठेवायची, आणि त्या पर्यायाचे कागदही.

गाडी: जी वाटेतल्या मिस्त्रीला कळते ती

एकच कसोटी लावायची असेल तर ही लावा: तुमच्या वाटेवरच्या आडगावातला मिस्त्री ही गाडी आधी कधी उघडून बसला आहे का? 1984 पासून निघणारी टोयोटा लँड क्रूझर 70 मालिका आणि हायलक्स आफ्रिका-मध्य आशियात इतक्या दिसतात त्या याच कारणाने. जुनी लँड रोव्हर डिफेंडर 2016 च्या जानेवारीत बंद झाली, तरी तिचे भाग अजून सापडतात, आणि तिला भाग लागतातही वरचेवर.

नवीन डिझेल गाडी नेत असाल तर धुराच्या नळीकडे लक्ष द्या. काजळी गाळणारा डीपीएफ फिल्टर आणि ॲडब्लूचं (धूर स्वच्छ करायला वापरायच्या द्रवाचं) तंत्र कमी गंधकाच्या डिझेलवर बेतलेलं असतं. जास्त गंधकाचं डिझेल मिळणाऱ्या देशांत फिल्टर तुंबतो, इशाऱ्याचे दिवे लागतात आणि गाडी स्वतःच शक्ती कमी करते. असा प्रदेश वाटेत असेल तर जुनं, साधं इंजिन बरं. रिम शक्यतो 16 इंची घ्या. 19-20 इंची टायर फाटला की तो विमानाने मागवायची वेळ येते.

गाडीच्या प्रेमात पडलेल्यांना मी हर्मन आणि कांदेलारिया झाप या अर्जेंटिनाच्या जोडप्याबद्दल सांगतो. 2000 च्या जानेवारीत ते 1928 सालच्या ग्रॅहम-पेज गाडीतून अलास्काकडे निघाले. बेत सहा महिन्यांचा होता. नुसत्या अलास्कालाच पोचायला पावणेचार वर्षं गेली, आणि सगळी भटकंती संपवून ते घरी परतले 2022 मध्ये, वाटेत जन्मलेली चार मुलं सोबत घेऊन. फोर बाय फोर नाही, डिफरन्शिअल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवायची सोय) नाही, चाकाच्या आऱ्या लाकडाच्या.

तेव्हा बदल थोडेच करा, पण या क्रमाने. पहिले पाटे-स्प्रिंगा आणि शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर), भरलेल्या गाडीच्या खऱ्या वजनाला साजेसे. मग चांगले टायर. मग झोपायची सोय, पाणी, दुसरी बॅटरी. विंच (रुतलेली गाडी ओढायचा चरखा), जादा दिवे, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. छतावरचा तंबू फोटोत छान दिसतो. वाऱ्याच्या रात्री त्यात झोप लागत नाही. मी आत झोपण्याच्या बाजूचा आहे. रात्री दोन वाजता बाहेर कुणी घुटमळायला लागलं, तर खाली न उतरता किल्ली फिरवून निघता येतं.

वजनाचा हिशेब

पाणी लिटरला एक किलो, डिझेल सुमारे 0.84 किलो. म्हणजे 20 लिटरचा भरलेला लोखंडी कॅन वीस किलोंच्या पुढे जातो. एक स्टेपनी रिमसकट 35 ते 40 किलो. पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला किमान 5 लिटर पाणी धरा, आणि वाळवंटात अडकलात तर चार-पाच दिवस निघतील एवढा साठा. दोघांचे 50 लिटर झाले. याला काटछाट नाही. काटछाट करायची ती बाकीच्यांत.

जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. छतावर फक्त हलकं आणि मोठं सामान. मागच्या दारावर स्टेपनी, त्यावर कॅन, त्यावर फावडं असं लटकवत गेलात की खडबडीत रस्त्यावर दाराच्या बिजागऱ्याच आधी तक्रार करतात. भरलेली गाडी दोनदा काट्यावर न्या: एकदा पुढची चाकं चढवून, एकदा मागची. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस जास्त दबलेला असतो, आणि पाटे तिथेच मोडतात.

कागद: इथे घाई नको

'कार्नेट द पासाज' म्हणजे गाडीचा पासपोर्ट म्हणतात. खरं तर ती हमी आहे: गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत नेऊ; नाही नेली तर तुमचा आयातकर भरला जाईल. ती वाहनचालकांच्या राष्ट्रीय संघटना देतात आणि त्यासाठी अनामत किंवा बँकेची हमी घेतात. काही देशांसाठी ही रक्कम गाडीच्या किमतीएवढी किंवा जास्तही होते. पाकिस्तान, इराण, इजिप्त या वाटेवर ती लागते. मुदत एक वर्ष, पण एखादा देश शिक्का मारताना तीनच महिन्यांची तारीख लिहितो. ती तारीख तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचा.

कार्नेट ही एक वही असते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग प्रवेश करताना कस्टमवाला फाडून घेतो, मधला बाहेर पडताना, आणि वरचा तुमच्याकडे राहतो. या वरच्या भागावर आत आणि बाहेर, असे दोन्ही शिक्के हवेत. एका सीमेवर रात्री नऊ वाजता एका थकलेल्या कारकुनाने मधला भाग फाडला, वही मिटली, हसून पुढे सरकवली. वरच्या भागावर शिक्का मारलाच नव्हता. मी वही गाडीत फेकली. फाटक ओलांडल्यावर बायकोने बॅटरीच्या उजेडात पान उघडलं आणि म्हणाली, "गाडी अजून त्यांच्याच देशात आहे." अंतर फक्त 300 मीटर, पण परत जायला दोन्हीकडच्या पोलिसांची परवानगी लागली आणि पहाट झाली. आता नियम असा: वही हातात आली की चालायचं नाही. आधी पान, शिक्का, तारीख, सही.

लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्नेट लागत नाही. सीमेवर तात्पुरत्या आयातीचा परवाना करून देतात. तो बाहेर पडताना रद्द करून घ्यायलाच हवा. नाही केला तर त्यांच्या संगणकात तुमची गाडी आतच राहते आणि पुढच्या खेपेला दार बंद. युरोपीय संघात बाहेरच्या नोंदणीची गाडी परदेशी रहिवाशाला साधारण सहा महिने करमुक्त ठेवता येते. चीनमध्ये स्वतःहून गाडी घेऊन शिरताच येत नाही: एजन्सीमार्फत परवानगी, तात्पुरता नंबर, तात्पुरता परवाना आणि सोबत वाटाड्या. म्हणून लोक तीन-चार गाड्यांचा गट करून खर्च वाटून घेतात. महिनाभर अनोळखी लोकांच्या मागे धूळ खात जायची तयारी मात्र हवी.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दोन करारांचा असतो. 1949 च्या कराराचा एक वर्ष चालतो, 1968 च्या कराराचा जास्तीत जास्त तीन वर्षं. कुठला देश कुठला मानतो ते आधी पाहा. काहींना दोन्ही सोबत ठेवावे लागतात. विम्यासाठी युरोपात आणि आसपास ग्रीन कार्ड, आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या बऱ्याच देशांत कोमेसा या देशगटाचं यलो कार्ड, पश्चिम आफ्रिकेत इकोवास या देशगटाचं ब्राऊन कार्ड. ही तिन्ही मुख्यतः तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतात. तुमच्या गाडीचं तुम्ही बघा.

बारीकसारीक गोष्टी लोकांना महागात पडतात त्या अशा. नोंदणीपुस्तकावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्अक्षर जुळू द्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र घ्या. चेसिस क्रमांक कुठे कोरला आहे ते घासून स्वच्छ करून ठेवा. अधिकारी तो बोट लावून वाचतात. मध्य अमेरिकेतल्या काही देशांत उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी घेत नाहीत. मोरोक्को आणि इजिप्तच्या सीमेवर ड्रोन काढून घेतात. प्रत्येक कागदाच्या दहा प्रती काढा, कारण झेरॉक्सचं यंत्र जेव्हा हवं तेव्हाच बंद असतं.

जहाज

दोन पद्धती आहेत. रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात, किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते आणि आतलं सामान तुमच्या नशिबावर. कंटेनरमध्ये गाडी तुमच्यासमोर बांधून कुलूप लागतं. मी जमेल तिथे कंटेनर घेतो. पण मोजमाप आधी करा: नेहमीच्या 20 फुटी कंटेनरची आतली लांबी 5.9 मीटरच्या आत, आणि दाराची उंची सुमारे 2.28 मीटर. छतावरचा तंबू इथे नडतो. टायरची हवा कमी करून दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, तेवढ्यावर बऱ्याच गाड्या आत गेल्या आहेत. टाकीत डिझेल अगदी थोडं ठेवा, गॅसची टाकी काढा, बॅटरीची तार सोडा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मातीचा कण आणि गवताचं बी शोधतात. चेसिसच्या पोकळीत, रेडिएटरच्या जाळीत, सीटच्या खाली. गाडी धुऊन झाली की पुन्हा धुवा, मग ब्रश घेऊन खाली झोपा.

चाकाखाली

सगळ्यात उपयोगाचं हत्यार म्हणजे हवा मोजायचं मीटर आणि हवा भरायचा पंप. डांबरावर 40 पीएसआय असेल तर खडीवर चौथाई कमी करा. मऊ वाळूत 15 ते 18. टायर पसरून लांबट होतो आणि वाळूवर तरंगतो. बदल्यात वेग कमी ठेवायचा आणि स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की त्याच क्षणी पाय काढा. आणखी दोन सेकंद ॲक्सिलरेटर दाबलात तर चेसिस वाळूवर टेकते आणि मग फावडं. आम्हाला पहिल्यांदा हे कळलं ते अडीच तास खणून झाल्यावर: हवा 30 वर होती, कमी करायची राहिली होती. 16 वर आणली आणि गाडी उलट्या गिअरमध्ये आपल्याच चाकोरीतून सरळ मागे आली.

नालीदार पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर वेग वाढवला की धक्के कमी होतात हे खरं, पण ब्रेकही लागत नाहीत. शॉकअबला हात लावून बघा. चटका बसला तर थांबून त्यांना गार होऊ द्या.

नदी असेल तर आधी चालत पार करा. जिथे तुम्हाला उभं राहता येत नाही तिथे गाडीही राहणार नाही. तापलेला डिफरन्शिअल (आसावरची गिअरपेटी) थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसून सीलमधून पाणी खेचते. पलीकडे गेल्यावर, निदान मुक्कामी तरी, तेल बघा. दुधाळ दिसलं तर बदला.

रुतलेली गाडी ओढून काढताना टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला) दोर कधीच अडकवू नका. ताणलेल्या दोराने तुटलेला लोखंडी गोळा काचेतून आत येतो आणि माणूस मारतो. चेसिसला बसवलेला हूक, योग्य शॅकल (दोर जोडायची लोखंडी कडी), दोरावर जड चादर, आणि बघे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट दूर.

पामीरवरची अक-बाइताल खिंड 4,655 मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं. माणसाचंही तेच. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर विचार करत बसू नका, खाली उतरा.

रोज संध्याकाळी, गाडी गरम आहे तोवर, दहा मिनिटं: खाली वाकून थेंब कुठे पडतोय का, चाकांचे नट, छताच्या कॅरिअरचे बोल्ट, पाट्यांना चीर, टायरच्या आतल्या बाजूला काप. सकाळी इंजिन गार असताना तेल आणि पाणी. चाक बदललं असेल तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा.

दोन सीटवरची माणसं

जर्मन मोटाररेसर क्लेरेनोर श्टिनेस 25 मे 1927 ला फ्रँकफर्टहून आडलर गाडी आणि सोबतीचा ट्रक घेऊन जगाच्या फेरीला निघाली. दोन मेकॅनिक होते. दोघेही वाटेतच सोडून गेले. उरला तो स्वीडिश छायाचित्रकार कार्ल-आक्सेल सॉडरस्ट्रॉम. त्या दोघांनी गोठलेल्या बैकल सरोवरावरून गाडी नेली, अँडीजमध्ये सुरुंग लावून वाट काढली आणि जून 1929 मध्ये सुमारे 47,000 किलोमीटर करून परतले. पुढच्या वर्षी लग्न केलं. नेहमीच असं होत नाही. सुरुवातीला सोडून गेलेल्या मेकॅनिकांकडे मी जास्त लक्ष देतो.

1955 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च 1956 मध्ये सिंगापूरला पोचले. त्यांच्याकडे कामाची वाटणी होती: मार्ग कोण पाहील, इंजिन कोण, कॅमेरा कोण. दोघांच्या गाडीतही हेच करा. आमच्याकडे इंजिन-टायर माझे, कागद आणि पैसे तिचे. दुसऱ्याच्या खात्यात प्रश्न विचारता येतो, निर्णय फिरवता येत नाही. कार्नेटच्या त्या रात्रीनंतर वही तिच्याच पिशवीत असते, हे ओघानं आलंच.

सहा चौरस मीटरमध्ये दिवसचे दिवस राहिलं की भांडण होणारच. निघण्याआधी दहा दिवसांची रंगीत तालीम करा, शक्यतो पावसात. हॉटेल नाही, घरी फोन करून सामान मागवणं नाही. तेव्हा समजतं की कुणाला सकाळी बोललेलं चालत नाही आणि कुणाला नकाशा उलटा धरायची सवय आहे. पाच दिवसांतून एक दिवस गाडी हलवायचीच नाही, हा नियम पहिल्याच आठवड्यापासून पाळा. आणि कधीतरी एकेकटं फिरायला जा.

तिसरा माणूस घरी हवा. ज्याच्याकडे कागदांच्या प्रती आहेत, बँकेचे निरोप जातात, आणि ठरलेल्या दिवशी तुमचा संदेश आला नाही तर कुणाला कळवायचं हे ज्याला ठाऊक आहे. चौथा माणूस वाटेत भेटतो, मिस्त्री. त्याच्याजवळ उभं राहा, हत्यारं हातात द्या, पण शिकवू नका. आमचा मोडलेला पाटा एका आडगावात ट्रकच्या पाट्यातून कापून, तापवून, हातोड्याने वाकवून चार तासांत बसवून दिला. भाषा एकाही शब्दाची जुळत नव्हती. तो पाटा अजून गाडीत आहे.

परत आल्यावर

घरी पोचलात की झोपण्याआधी एक काम उरतं. कार्नेटच्या शेवटी गाडी परत आल्याचा दाखला असतो. तो कस्टम किंवा पोलिसांकडून भरून, शिक्का मारून घ्या. सगळी वरची पानं चाळा. एखाद्या पानावर बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या वकिलातीला लगेच लिहा. वर्षाने लिहिलंत तर उत्तर यायलाही वर्ष जातं. सगळ्या पानांचे फोटो काढून वही ज्या संघटनेने दिली तिच्याकडे पोच घेऊन परत करा. अनामत तेव्हा सुटते. मग गाडी पुन्हा एकदा काट्यावर न्या आणि पावती जुन्या पावतीशेजारी लावा. आमची 2,960 आली, आम्ही दोघं आत बसून.